एकशे अठ्ठ्याण्णव खोट्या वर्द्या आणि एक खरी

नाव : ओळखपत्राप्रमाणे. केंद्रात सगळे वर्दीताई म्हणतात, तेही लिहावे. वय : ४९ वर्षे. व्यवसाय : नोकरी, वायरलेस ऑपरेटर, अग्निशमन केंद्र. राहणार : केंद्रामागील क्वार्टर्स, खोली क्र. ४.

मी आज ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर सासूबाई व धाकटे दीर यांच्यासह राहते. दीर रुग्णवाहिका केंद्रात ऑपरेटर आहेत. आगीची खबर आली की ती सेटवरून गाडीला देणे हे माझे काम. त्या खबरेला आम्ही वर्दी म्हणतो. बावीस वर्षांत मी ड्यूटीवर असताना सेट सोडून उठलेले नाही. परवा उठले, त्याचाच हा जबाब आहे.

आमच्या भागातले वायरलेसचे चॅनल कुणाला किती द्यायचे, हे विभागीय नियोजन समिती ठरवते. चॅनल मोजके आहेत आणि मागणारे पुष्कळ. समितीने यंदा नियम काढला की मोजणीच्या आठवड्यात ज्या चॅनलवर दोनशेपेक्षा कमी कॉल होतील, तो काढून घ्यायचा आणि त्या केंद्राने पोलिसांच्या चॅनलवर बोलायचे. आमचा चॅनल अग्निशमन आणि रुग्णवाहिका मिळून आहे. आमच्याकडे आठवड्याला तीस कॉल झाले तरी डोक्यावरून पाणी.

सोमवारी सकाळी दहा वाजता मोजणीची गाडी केंद्राच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तीत एक अभियंता, कानाला हेडफोन, मांडीवर रजिस्टर. सव्वादहा वाजता आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी मला बोलावून सांगितले, "वर्दीताई, बोलत राहा. काय वाटेल ते बोला." तसे मी व दिरांनी बोलायला घेतले. हे चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होते.

सोमवारी मी गवताच्या चार गंज्या पेटवल्या. मंगळवारी दोन गोदामे आणि एक बेकरी. दिरांना कल्पनाशक्ती कमी. त्यांचे एकच गृहस्थ रोज जिन्यावरून घसरत. बुधवारी दुपारपर्यंत आमच्याकडचे सगळे संपले, म्हणून मग घरचेच सुरू झाले. "वहिनी, पेशंट महिला, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघा, ओव्हर." "भाऊजी, पेशंटला जिना उतरू नको म्हणून सांगितलंय, पेशंट ऐकत नाही, ओव्हर." गुरुवारी अभियंता नळावर पाणी प्यायला आले आणि मला म्हणाले, "आजींचा गुडघा कसा आहे आता?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी साहेब थांबा म्हणेनात.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी मी खिडकीतून पाहिले, तर मोजणीच्या गाडीच्या मागच्या भागातून धूर येत होता आणि आत ज्वाळा दिसत होत्या. मी तत्काळ सेटवर वर्दी दिली, "फाटकासमोर मोजणीच्या गाडीला आग, आत माणूस आहे." खाली गाडीतल्या सेटवर ती सर्वांनी ऐकली. चालक कॅरम खेळत होते. ते ओरडून म्हणाले, "वाहवा ताई, आज थेट सरकारी गाडी!" अभियंत्यांनीही ती हेडफोनमध्ये ऐकली. पुढच्या सीटवर बसल्या बसल्या ते हसले आणि त्यांनी रजिस्टरात लिहून घेतले. मागे वळून पाहिले नाही. वास आला होता, पण अग्निशमन केंद्राशेजारी जळका वास असायचाच असे वाटले, असे ते नंतर म्हणाले.

मी सेट सोडला, भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे काढले, जिना उतरले, अभियंत्यांना शर्टाला धरून बाहेर ओढले आणि आग विझवली. त्यानंतर कर्मचारी पाइप घेऊन आले आणि त्यांनी विझलेल्या गाडीवर भरपूर पाणी मारले. मागच्या फळीवर पालथी इस्त्री मिळाली. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक, म्हणून अभियंता शर्टाला इस्त्री करत होते. मधेच कॉल आला म्हणून ती तशीच ठेवून पुढे आले. तो कॉल जिन्यावरच्या गृहस्थांचा होता.

समितीने तक्रार दिली आहे की आमचे १९८ कॉल झाले होते, दोन कमी पडत होते, म्हणून आम्ही नोंदी नष्ट करायला गाडी जाळली. हे खोटे आहे. दोन कॉलसाठी गाडी जाळायची आम्हाला गरज नव्हती. दिरांचे ते गृहस्थ अजून चालू होते.

रजिस्टर आगीतून वाचले आहे. शुक्रवारीच संध्याकाळी अभियंता माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, तुमचे एकशे अठ्ठ्याण्णव मी खरे लिहितो, वर दोन घालतो. चॅनल तुमचा. ती शेवटची वर्दी तेवढी खोटी राहू द्या. सराव होता म्हणा, म्हणजे आगीची चौकशी होणार नाही आणि इस्त्रीचं कुठे निघणार नाही. गाडीचं काय, वायरिंग जळालं." माणूस वाईट नाही. साहेबांनीही हात जोडले, "म्हणून टाका हो, वर्दीताई."

दोन दिवस मला जेवण गेले नाही. सात वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही पोलिसांच्याच चॅनलवर होतो. तेव्हा एका शिंप्याच्या दुकानाला आग लागली. आमची गाडी दुसरीकडून परत येत होती. मी अकरा मिनिटे बटण दाबत राहिले, आणि चॅनलवर कुठल्या तरी पाहुण्यांची खुर्ची मंचावर कुठे ठेवायची ते चालले होते. आमची गाडी त्याच गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून गेली. शिंपी वाचला. त्याचा उजवा हात गेला. तो माझे ब्लाउज शिवत असे. त्या वाटेने मी अजून जात नाही.

म्हणून मी हो म्हणणार होते. पण एकदा खरी वर्दी खोटी म्हणून लिहू दिली, तर पुढच्या वेळी बटण दाबताना माझा मलाच भरवसा वाटणार नाही. सबब सांगते की १९८ कॉल खोटे आहेत, ते साहेबांच्या सांगण्यावरून मी आणि दिरांनी केले. शुक्रवारी तीन बाराची वर्दी खरी आहे, त्या आठवड्यात खरी तेवढी एकच आली. आमचा चॅनल गप्प असतो याचा अर्थ लोक घरी सुखरूप आहेत. मोजायचेच असेल तर आग लागल्यावर बोलायला जागा मिळते का, ते मोजा.

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी यावर म्हटले, "आमच्या चॅनलवर या ना ताई, जागाच जागा आहे." त्यावर मी त्यांच्या टेबलावरच्या सेटवर एकच वाक्य बोलू द्या अशी विनंती केली. त्यांनी घड्याळ लावून परवानगी दिली. साहेबांची गाडी कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, चहा दोन की तीन, हे चालू असल्यामुळे मला साडेचार मिनिटे बोलता आले नाही. मग हवालदारांनीच सेट माझ्या हातून घेतला आणि घड्याळ पाहिले.

माझा हा जबाब मी सांगितल्याबरहुकूम लिहिला असून मला मोठ्याने वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे. साडेचार मिनिटांचा आकडा माझ्या सांगण्यावरून नाही, हवालदारांनी आपल्या घड्याळावरून लिहिला आहे.