डावखुऱ्या मुठीचं धनुष्य

बसा, बसा ओ, स्टूल पुसलेलं आहे. धनुष्य होय, झालंय — पण आधी तुमची ही जुनी पाती बघा, मुठीच्या वरखालची. नाही, बघाच. तुम्ही आणून टाकलीत तेव्हा मी काही बोललो नाही, म्हटलं गिऱ्हाईक आहे, महिपत सरांचा मुलगा आहे, कशाला. आज बोलतो. हे वरचं पातं — केळीच्या सोपटासारखं सुटलंय, थर न् थर वेगळा. आणि ह्या खालच्याला पीळ पडलाय. लाकूड असं आपोआप होत नाही, गुरुप्रसादभाऊ. नेम मारून झाला की दोरी उतरवायची, पाती मुठीतून काढायची, पिशवीत घालायची — म्हणून तर ते सुटं केलेलं असतं. चढवून ठेवलं की लाकूड रात्रंदिवस ताणात, मग थकतं, मरतं. आणि तुमच्याकडे ते किती वर्षं चढवलेलं होतं? देवघराशेजारी खुंटीला, झेंडूची माळ घालून. का, तर उतरवलेलं धनुष्य पूजेत शोभत नाही, श्रीरामाच्या फोटोत कुठे उतरवलेलं असतं — असंच म्हणालात ना तुम्ही, ह्याच स्टुलावर बसून, आणि वर हसलात. मी रंधा मारत राहिलो. आणि दर दसऱ्याला खोबरेल. धनुष्याला खोबरेल. सांध्यातून आत मुरलेलं, त्यावर हळदकुंकू बोटानं दाबून बसवलेलं — हे बघा, अजून नखाला लागतंय. भजी तळायची होती काय त्याची?

नाही, वस्तू भारी, ते मी नाकारत नाही. मूठ विलायती, धातूची, आणि पाती बसवायला स्क्रू नाही — नुसती खाच आणि कडी, पातं सरकवायचं, खट् झालं की बसलं. इतकी वर्षं मिरजोळ्यात हा कारखाना चालवतोय, लोक काय काय घेऊन येतात, पण असली मूठ दुसरी बघितली नाही. सरांनी ती मुंबईहून आणली, चोरबाजारातून, मोठ्या हौसेनं, आणि घरी येऊन पेटी उघडली तेव्हा कळलं की डावखुऱ्याची आहे. उजव्या हातात धरायची, डाव्यानं ओढायचं. खेळाचा मास्तर — घेताना एकदा हातात धरून बघू नये माणसानं? सगळी शाळा उजवी. मग पडलं ते कपाटावर, आणि पडूनच राहिलं असतं, पण आमची स्वप्ना आली आठवीत.

स्वप्ना कोण म्हणून काय विचारता? माझी बहीण. तुमच्या वर्गात होती, तिच्या गणिताच्या वह्या उतरवून पास झालात तुम्ही. हां, आता आठवली. डावखुरी. जेवताना आईच्या चापट्या खायची, पण हात काही बदलला नाही. सरांनी तिला बघितलं आणि कपाटावरचं धनुष्य खाली काढलं — आणि मग काय सांगू. बाकीची पोरं बाण मारून तो शोधायला कातळावर फिरायची, आणि ही आपली एका जागी उभी. सर मला म्हणायचे, अमरदीप, हे धनुष्य चुकून नाही आलं रे, हिच्यासाठीच आलंय. म्हणायचे. म्हणायला काय जातं.

असू दे. ह्या नव्या पात्यांचं सांगतो, तुम्हाला बुधवारी शाळेत भाषण करायला होईल. तुम्ही काय म्हणाला होतात — काचेच्या कपाटात ठेवायचंय, दिसायला बरं असलं म्हणजे झालं, ओढून कोण बघतोय. बरोबर. मग प्लायवूड कापून, पॉलिश मारून दिलं असतं तरी चाललं असतं. नाही दिलं. धामणीचं लाकूड वापरलं मी, धामण. आमच्या बैलगाडीची जुनी दांडी होती माळ्यावर, बापानं ठेवलेली, ती फाडली. कागदासारख्या पट्ट्या काढल्या, टोकाकडे पातळ करत नेल्या, साच्यावर थर देऊन चिकटवल्या, वरून सायकलची ट्यूब गुंडाळून करकचून आवळल्या. मग काचेच्या तुकड्यानं खरवडत बसायचं — भिंतीला अडकवा, वाईच ओढा, वाक बघा, उतरवा, खरवडा, परत अडकवा. घाईनं एक हात जास्त फिरला की पातं कमजोर, गेलं. पहिली जोडी अशीच गेली माझी, चुलीत घातली. दुसरी जमली. आता तुम्ही म्हणाल शोकेससाठी एवढं कशाला. तेच ना. माझी बायको चंपा पण तेच म्हणाली. म्हणाली, गिऱ्हाइकाला नको ते तू कुणासाठी करतोयस? मी म्हटलं, गप जेव.

अहो, आणतो, दाखवतो, कुठे पळून जातंय. अनावरण बुधवारी आहे, ठाऊक आहे मला, पत्रिका आली ना — 'महिपत सरांचे ऐतिहासिक धनुष्य'. वाचली मी. ऐतिहासिक. इतिहास कसला लिहिलाय त्यात? निवड चाचणीचं लिहिलंय? नसेल. बघू तरी तुम्हाला काय आठवतंय. दसऱ्याच्या सकाळी पुण्यात चाचणी, राज्याच्या संघाची. आमच्या वाडीतही त्या दिवशी कार्यक्रम असतो, विजयादशमी आमचीही आहेच — पण आई म्हणाली, पोरीला जाऊ दे, बुद्धवंदना काय, दरवर्षीच आहे. नवमीला संध्याकाळच्या एसटीनं निघायचं होतं. धनुष्य तुमच्याकडे. मी आणि स्वप्ना आलो न्यायला, तिची पिशवी माझ्या खांद्यावर, घरापुढच्या खळ्यात उभे राहिलो. आणि तुमच्या आई, आनंदीबाई, पडवीत येऊन म्हणाल्या — खंडेनवमी आहे, हत्यारं पूजेत मांडलीत, उद्या सोनं लुटेपर्यंत उचलता येत नाहीत. कोयती, पहार, सरांची हातोडी, आणि मधोमध ते धनुष्य. आता मला सांगा, कोयती एक दिवस बसली तर कुणाचं काय जातं? माझेही सुतार त्या दिवशी रंध्याला हात लावत नाहीत, मी काही म्हणत नाही, चहा पाजतो त्यांना. पण ते धनुष्य वर्षभर कुणाच्या हातात होतं? तिच्या. तिच्या हाताच्या घामानं मूठ काळी झालेली. वर्षभर चाललं ते, आणि हळदकुंकू पडल्यावर तेवढं — जाऊ दे. मी तसं काही म्हणत नाही. मी बोललोय का तसं? तुम्हीच खाली बघताय.

आणि सर? सर दारात होते. बनियनवर, एक हात चौकटीला. पटांगणावर ज्याचा आवाज कातळाच्या पल्याड ऐकू जायचा तो माणूस घरात उंदीर. तुमच्या आईंनी स्वप्नाला साखरखोबरं दिलं, पडवीतूनच, हात लांब करून, आणि म्हणाल्या, तिकडे कुणाचं तरी मिळेल की. मिळालं. उजव्याचं मिळालं. डावखुऱ्या पोरीला उजव्याचं धनुष्य — तुमचे जोडे उलट पायांत घालून धावा, मग समजेल. बाण कुठे गेले तेही तिनं सांगितलं नाही. परत आली, आणि त्यानंतर धनुष्याला हात लावला नाही. सर आमच्या घरी आले नाहीत, शाळेत तिच्याशी बोलले नाहीत. म्हणे त्यांना फार वाईट वाटलं होतं, तुम्हीच सांगितलंत. वाटलं असेल. वाटून घेतलं असेल खुर्चीत बसून.

धनुष्य दाखवा, धनुष्य दाखवा — ऐका, सांगतो. रविवारी स्वप्नाला बोलावून घेतलं खेडहून. शाळेत क्लार्क आहे ती तिथं, केस पिकलेत, चष्मा आहे. मी म्हटलं, वाईच ओढून बघ, पाती बरोबर बसलीत का, गिऱ्हाइकाचं काम आहे. कारखान्याच्या मागं पेंढ्याची गंजी आहे ना, तिथं. तिनं चष्मा पुसला, पाय लावले, आणि ओढलं — पुरतं, हनुवटीपर्यंत, आणि पाती तिच्याबरोबर वाकत गेली, कुठे अडखळली नाहीत. अडखळतील कशी? तिच्याच ओढीला कमी-जास्त केलेली होती, आठवणीवर. बाण गेला तो पिसापर्यंत पेंढ्यात. दुसरा त्याच्या शेजारी. मग चुकले एकदोन. हसली ती. मी म्हातारा होत आलो हो, आणि भुश्यात तोंड घालून... भुसा गेला डोळ्यांत, रोजचंच आहे ते.

तर धनुष्य इथं नाही. तिच्या पिशवीत मीच घातलं. ती काढून ठेवत होती, म्हणत होती, दादा, हे माझं नाही, त्यांच्या घरचं आहे. मी परत घातलं. पोलिसांत जायचं तर जा, चौकी ठाऊक आहे तुम्हाला, मी नाही म्हणणार नाही. शेवटी एसटीत बसताना तिनं सांगितलं, गुरुप्रसादना सांग, त्यांचं आहे, त्यांनी येऊन मागावं, मी देईन. म्हणजे जा तुम्ही. खेडला जा, तिच्या दारात उभे राहा आणि धनुष्य मागा. कपाळाला आठ्या घालू नका, ती काही तुम्हाला खळ्यात उभं करणार नाही. आत बोलावील, चहा करील, लगेच काढून हातात देईल, दोरी उतरवून, पाती पुसून. एवढी साधी आहे ती. आणि तेच मला सोसवत नाही. उठा आता तुम्ही.