दुखणं गेलं, आग राहिली

आजच्या या निरोप समारंभाचे आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचेही अध्यक्ष माननीय आबारावजी, प्रमुख पाहुणे केंद्रप्रमुख उमाशंकर सर, मुख्याध्यापक, माझे शिक्षक बंधुभगिनी, जळकोटचे ग्रामस्थ, माता-पालक आणि सतरंजीवर जागा न उरल्यानं दारात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मुलींनो, तुम्हा सर्वांना शिवकांताबाईंचा नमस्कार.

सगळ्यात आधी शालीचं सांगते. आबारावांनी मोठ्या मनानं ती माझ्या खांद्यावर घातली आणि फोटो निघायच्या आत मी ती काढून खुर्चीवर ठेवली. समोर कुजबुज झाली. ती मला ऐकू आली, कारण सारा जन्म वर्गात कुजबुजच ऐकत आलेय. शाल सुंदर आहे. पण तिचा काठ माझ्या उजव्या बाजूला घासला, की निखारा ठेवल्यागत होतं. यात आबारावांचा दोष नाही आणि शालीचाही नाही.

आत्ता पाहुण्यांनी सांगितलं, बाईंनी कॅन्सरला हरवलं आणि आता त्या सन्मानानं विश्रांतीला निघाल्या. ऐकायला बरं वाटलं. पण मंडळी, मी हरवलं-बिरवलं काही नाही. डॉक्टरांनी उजवा स्तन काढला, त्याबरोबर गाठ गेली. स्तन हा शब्द माईकवरून आला म्हणून कुणी माना खाली घालू नयेत. अवयवांची नावं शिकवण्याचाही मला पगार मिळत होता.

जखम भरली. पण बगलेपासून दंडापर्यंतच्या नसा दुखावल्या, त्या काही पूर्ववत झाल्या नाहीत. कधी चमक निघते, कधी मुंग्या, कधी नुसती आग. ब्लाउजची शिवण सोसत नाही. जी जागा आता उरलीच नाही, तिथं खाज सुटते. आता खाजवायचं कुठं, सांगा? एसटीत आमचे यजमान गुरुलिंग माझ्या उजव्या अंगाला बसतात, कुणाचं कोपर लागू नये म्हणून. समोरच बसलेत ते. घरी काही विचारत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात आणि चहा टाकतात.

फळ्यावर हात वर जाईना, तेव्हा मी खालच्या अर्ध्या भागातच लिहायला लागले. मागच्या मुली उभ्या राहून वाचायच्या. उमाशंकर सर एकदा वर्गावर आले आणि म्हणाले, "बाई, वरचा फळा कोरा ठेवून खडू वाचवता का?" सर, मी हसले होते. तुम्ही गेल्यावर रडले, हे आज सांगते. गोळी आहे, नाही असं नाही. तिनं आगीची धार बोथट होते, पण सकाळी डोकं जड राहतं आणि पहिल्या तासाला मुलींची नावं चुकतात. म्हणून मी मुदतीआधी निघालेय. विश्रांतीसाठी नव्हे, थकले म्हणून. मला अजून शिकवायचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग बाई इतके दिवस बोलल्या का नाहीत? बोलले की. पण काय बोलले? सोलापूरला तपासायला जायचे, तेव्हा डॉक्टर विचारायचे, "दुखणं कसं आहे?" मी सांगायचे, "दुखणं गेलं, साहेब." आपल्याकडं दुखणं म्हणजे आजार. तो तर गेलाच होता, मी खोटं बोलत नव्हते. ते खूश व्हायचे आणि मी माझी आग घेऊन परत यायचे. शेवटी एकदा तिथल्या नर्सबाईंनी मला पदर सावरताना बघितलं आणि विचारलं, "कपडा लागला तर काय होतं?" त्यानंतर कुठं औषध सुरू झालं. मराठी शिकवणारी बाई मी, आणि एका साध्या मराठी शब्दानं मला इतकं फिरवलं.

हे सगळं आज काढण्याचं कारण मात्र वेगळं आहे. आपल्या मुलींची खिचडी शिजवणारी जगदेवी, तिचंही गेल्या वर्षी हेच ऑपरेशन झालं. तिला विचारूनच तिचं नाव घेतेय. तिला पातेलं उतरवता येत नाही, म्हणून समितीच्या येत्या सोमवारच्या बैठकीत तिच्या जागी दुसरी बाई घ्यायचं चाललंय. "दुखणं गेलं म्हणती, मग हात का चालंना? नाटकं हायेत," हे मी आपल्याच शिक्षक खोलीत ऐकलं. कुणाचं वाक्य ते सांगत नाही. मी जगदेवीला गाठलं. म्हटलं, "तू अध्यक्षांना काय सांगितलंस गं?"

"बाई, त्यांनी इचारलं, दुखणं गेलं का. म्या म्हणलं, व्हय. गेलंच की."

"आणि हात?"

"हाताची आग व्हतीया लई. पर ते दुखणं थोडंच हाय? ते सोसायचंच."

आबारावजी, तुम्ही आस्थेनं विचारलंत. तिनं खरं तेच सांगितलं. आणि त्या खऱ्यापायी तिचं काम जायची वेळ आली. तिला पुन्हा विचारा, पण दुखणं गेलं का असं विचारू नका. आज हात कसा आहे, असं विचारा. पातेलं उतरवायला आमच्यातलं कुणीही दोन मिनिटं उठू शकतं. खिचडीला चव तिच्याच हाताची आहे, हे या दारातल्या मुली सांगतील. मी थकले तर मला घरी बसता येतं, कारण मला पेन्शन आहे. जगदेवीला थकायचीही सोय नाही. तिला याचं तेवढं वाईट वाटत नाही, मला मात्र वाटतं.

फार बोलले. या गावानं आणि शाळेनं मला सांभाळून घेतलं, मुलींनी उभं राहून माझा अर्धा फळा वाचला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी सत्कार घ्यायचा असतो, मागणं मागायचं नसतं. ती रीत मी मोडली. बोलण्यानं कुणाला लागलं असेल, काही उणंअधिक झालं असेल, तर थकलेल्या बाईचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आता कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण तेवढं राहिलंय. जगदेवी तिकडं भिंतीशी उभी आहे. मी बसते. आम्ही दोघी ऐकतो.