टिल्लूंचा गॅस जळत नाही

जळत नाही हो, जळत नाही! अहो, माणसानं सांगायचं तरी किती जणांना? तुम्हाला सांगतो, ह्या एका वाक्यापायी आमच्या उदय टिल्लूचा घसा कायमचा बसला. साधा सरळ माणूस, नाशिकहून म्हैसूरला नोकरीला आलेला, कारखान्यात सुरक्षा अधिकारी. हेल्मेट घाला, बूट घाला, जिना उतरताना कठडा धरा... जन्मभर लोकांना हेच सांगून इतका विटला, की पंचेचाळिशीत त्याच्या मनानं घेतलं, एकदा, फक्त एकदाच, आपली जुनी सेडान शर्यतीच्या धावपट्टीवर बाणासारखी सोडायची. आणि जोर वाढवायला इंजिनात नायट्रस ऑक्साइड! आता ह्यात गुन्हा काय? रस्त्यावर वापरणार नव्हताच तो, छे! उदय म्हणजे रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला थांबणारा माणूस!

पण नायट्रसची ती निळी बाटली हिनकल भागातल्या भाड्याच्या घरी आली मात्र, घरमालक वेंकोजीराव धावत खाली. इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हैसूरकर मराठे.

"अय्यो टिल्लू, गाडीत गॅस सिलिंडर? बेडा, बेडा, नको रे! आमचं घर उडालं म्हणजे?"

"वेंकोजीराव, हा गॅस स्वतः जळत नाही. इंजिनात तापला की फुटतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो, मग जास्त पेट्रोल..."

"फुटतो म्हणालास की रे तूच!"

घ्या! आता काय बोलणार? वर आणखी, "आमचे पणजोबा महाराजांच्या रिसाल्यात होते बरं, घोड्याला टाच मारली की पळायचा. त्याच्या नाकात कुणी गॅस सोडला नाही!"

समोरची विद्याश्री दातांच्या दवाखान्यात कामाला. ती म्हणते, "अंकल, हा तर हसायचा गॅस! थोडा हुंगू?" हुंगू म्हणे! अगं बाई, गाडीचा आहे तो, हुंगलास तर हसायला शिल्लक राहशील का तू?

बरं, माणसानं निष्काळजीपणा केला असता तर गोष्ट वेगळी. पण नाही! बाटली डिकीत पोलादी पट्ट्यांनी आवळलेली. जोर थोडाच वाढवायचा, हावरेपणा नाही. गॅसबरोबर पेट्रोलही वाढवलेलं, कारण पेट्रोल कमी पडलं की पिस्टन मेणासारखा वितळतो. स्पार्क प्लग बदललेले, ठिणगीची वेळ थोडी मागे ओढलेली. आणि कळस म्हणजे असा स्विच, की इंजिन चांगलं वेगात फिरत असेल आणि पाय पेडलवर तळापर्यंत दाबला असेल तरच गॅस सुटणार. बायको विभावरी बिचारी जेवताना, झोपताना हेच ऐकायची. शर्यतीला दुसरा चालक म्हणून नावही तिचंच दिलं ह्यानं. का? तर आपल्याला भोवळ आली तर!

शर्यत सरगूरच्या पुढं, एका खासगी धावपट्टीवर. जानेवारीची सकाळ, हात गारठलेले. शेजारी शरत नावाचा इथलाच एक तरुण. त्याची बाटली थंडीनं गार पडलेली, दाब चढेना. तर हा गडी काय करतो? सरळ गॅसची बत्ती पेटवून ज्वाळा बाटलीवर धरतो!

"शरत! विझव ते! आधी विझव!"

"अंकल, स्वल्प टेन्शन कमी माडी, कमी करा! मघाशी तुम्हीच म्हणालात ना, जळत नाही म्हणून?"

सांगा आता! अरे, जळत नाही, पण बंद बाटलीत दाब वाढला तर काय होईल? उदयनं झडप घालून बत्ती हिसकावली, लोकांना मागं हटवलं, हात चांगला पोळला. मग दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून कोमट पाण्याच्या फडक्यांनी बाटली सावकाश उबदार केली. आणि शरत? गाडीत बसला, सुसाट गेला आणि पहिला आला! आभार? छे!

मग उदयची पाळी. हिरवा दिवा लागला, गाडी निघाली, वेग वाढला... आणि पाय थांबला. पेडल पाऊणच दाबलं गेलं. उदय दाबतोय, पाय ऐकेना! आतून कुणीतरी ओरडतंय, कठडा धर, कठडा धर! स्विच काय करणार? गॅसचा एक थेंब सुटला नाही. मागून निघालेली एक पिटुकली हॅचबॅक पुढं गेली हो!

परत आला तो मान खाली घालून. आणि विभावरीनं काय करावं? त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, स्वतः चढवलं, पट्टे आवळले. हा नुसता म्हणतोय, "अगं, आधी काटा बघ, अगं तिसऱ्या गिअरला..." तोवर दिवा हिरवा! आणि तुम्हाला सांगतो, त्या बाईनं पाय दाबला तो थेट तळाला! गाडीनं आधी दम धरला, आणि मग अशी झेपावली, अशी झेपावली, की उदयनं डोळेच मिटले.

हसत उतरली. हा धावत गाडीपाशी.

"विभा, भीती नाही वाटली तुला?"

"कसली भीती? सगळं तू बसवलंयस ना!"

आता बोला! ह्यावर खूश व्हायचं की रडायचं? पुढच्या शर्यतीला पहिली चालक विभावरी, आणि उदयला काम काय, तर बादली, कोमट पाणी आणि फडकी!