पांडूचा भारीतला ट्रंपेट

बँड चालवण्यापेक्षा म्हशी पाळलेल्या बऱ्या. आमचा ट्रंपेटवाला पांडू. नवा ट्रंपेट घेताना दुकानात मी कानीकपाळी ओरडलो, "मधल्या दर्जाचा घे, आपल्याला हळदीतच वाजवायचंय." पण याला मोठमोठे कलाकार वाजवतात तोच हवा. घेतला.

परवा रेवदंड्याला हळद होती. नवरा पाटावर बसला, बायका नाचायला उभ्या, आणि पांडू नव्या ट्रंपेटची पेटीच उघडेना.

"अरे, वाजव की."

"आधी सगळ्यांना हात धुवायला सांग. डाग पडतील."

हळदीत. हात धुवायला.

शेवटी जुनाच ट्रंपेट फुंकला त्याने. तेवढ्यात नवऱ्याची आजी माखलेल्या हातांनी पेटीपाशी गेली. "नवीन वस्तू हाय, तिला कुणी हळद लावली न्हाय?" म्हणाली, पेटी उघडली, आणि लावली.