आयरिश नर्सबाईपाशी कोण?

सलमा, साठच्या दशकात दुबईत, देऱ्यात असताना मी मन्नत मानली होती. माझ्या लेकीचा, जैनूचा ताप उतरला, तर तिची सेवा करणाऱ्या आयरिश नर्सबाईशी तिच्याच भाषेत बोलेन. अल्लानं ऐकलं.

बाई मोडक्या हिंदीत शिकवू लागली, "आमच्यात सगळं माणसापाशी असतं. अगम म्हणजे माझ्यापाशी, अगत म्हणजे तुझ्यापाशी, तॉ म्हणजे आहे. म्हण, तॉ इनीन अगम. मुलगी आहे माझ्यापाशी."

मी म्हटलं. मग सहज विचारलं, "तुझ्यापाशी कोण गं?"

तिचा चेहरा पडला. "इथं? कोणी नाही."

"बरं, 'मी'ला काय म्हणता?"

"मिशे."

"मग तॉ मिशे अगत!"

बाई माझ्या गळ्यात पडून रडली.

तुझ्या शेजारची ती नवी मलबारी बाई दिवसभर एकटीच असते ना? तिच्या भाषेतलं एक वाक्य तूही शीक गं, इन्शाल्ला.