हिरव्या पट्ट्यावरची मिरची

नाही, पण मला एक सांगा मॅडम, विश्वास ठेवायचा कुणावर — तुमच्या हातातल्या त्या टिकटिक यंत्रावर की समोरून जाणाऱ्या माणसावर? हसू नका, मी धंद्याचं विचारतोय. लालबागेत मिरची विकण्यात माझा जन्म गेला. गिऱ्हाईक येतं, लालभडक रंग बघतं, म्हणतं हीच द्या अप्पा, ही जाळणार — आणि ती असते बेडगी, नुसता रंग, जिभेला गुदगुल्या. शेजारची काळपट संकेश्वरी मात्र डोळ्यांतून पाणी काढते. म्हणून आम्ही रंगाला विचारत नाही, देठ मोडून नाकाशी धरतो. आता तुम्ही सायकल नाकाशी कशी धरणार? म्हणून म्हटलं, आधी चहा घ्या. खुर्ची सावलीत ओढा. शिंक आली तर लाजू नका, या गल्लीत पहिल्या दिवशी सगळे शिंकतात, एकदा वरात शिंकत गेली होती, नवरदेवासकट.

तो पिवळ्या टोपीवाला गेला, मोजणीत धरलात ना? हो, हातात धरून नेत होता, बसला नव्हता, कबूल — पण सायकल तर होती? घोडा हातात धरून नेला म्हणून बैल होतो का? बरं, राहू दे. तुमचे साहेब म्हणाले ते खरं ना — आज संध्याकाळपर्यंत सायकलींचा आकडा भरला तर हा सायकलींचा हिरवा पट्टा कायमचा, आणि नाही भरला तर खांब उपटून परत गाड्या लावायला मोकळं? बघा, म्हणजे सगळा भार तुमच्या अंगठ्यावर.

पट्ट्याला पहिला विरोध कुणाचा होता, ठाऊक आहे? माझा. व्यापारी मंडळाच्या अर्जावर पहिली सही माझी. कारण ते साहेब आले होते नकाशा घेऊन — काय सुंदर चित्र, दर्शनाताई — तुमचं नाव ओळखपत्रावर वाचलं हो — चित्रात झाडं, हेल्मेट घातलेली गोरी माणसं, एक कुत्रा, आणि माझ्या दुकानाच्या जागी बाक. बाकावर एक बाई आइसक्रीम खात बसलेली. मी विचारलं, साहेब, मी कुठे आहे? ते म्हणाले, हे नुसतं दाखवण्यापुरतं आहे. म्हटलं, दाखवण्यापुरतं तरी दाखवा. तर नाही. मग टेम्पो उभा कुठे करायचा, पोती उतरवायची कुठे — खूप भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि ऐन चैत्रात पट्टा रंगवून टाकला. बाजूने प्लास्टिकचे खांब, आत गाडी येणार नाही, हातगाडी येणार नाही. पाटी तेवढी लावायची राहिली — हा पट्टा कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आता तुम्ही आमच्या बायकांच्या जागी उभ्या राहा. मसाल्याचा मोसम. चाळ पाडून टॉवर झाला, गच्चीला सोसायटीचं कुलूप, मिरची वाळवायची कुठे? आणि खाली बघतात तर पालिकेने लांबलचक, स्वच्छ, रंगवलेली जागा आखून दिलीय, गिरणीची भिंत पडल्यापासून तिथे दिवसभर ऊन, वर कुणी गाडी घालू नये म्हणून खांबसुद्धा. कुणाला काय वाटेल? सगळ्यांना तेच वाटलं. आमच्या हिने, सुभद्राने, पहिलं जुनं लुगडं अंथरलं आणि पायली दोन पायली मिरची पसरली. आठवड्यात इथून नाक्यापर्यंत हिरव्यावर लाल, लालावर हिरवं. एक वॉर्ड ऑफिसर बघायला आला, त्याच्या बायकोचीही मिरची होती म्हणे घरी, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आला. मंडळाने तातडीची सभा घेतली आणि विरोधाचा अर्ज मागे. नवा अर्ज — पट्टा कायम करा. त्यावरही पहिली सही माझीच. हसा. मी पण हसलो होतो.

पण मेख बघा. पट्टा राहायला सायकली हव्यात, आणि सायकल जाणार कुठून, वर तर मिरची. एक पाववाला गेला चुकून, त्याचं चाक दोन दिवस खाकरत होतं. म्हणून आज सकाळी मंडळाने सगळी मिरची उचलली, आणि — तो बघा, लाल टोपीवाला आला. धरा, धरा. काय म्हणता, चालण्याची ढब तीच? जुळा भाऊ असेल. लालबागेत जुळे फार. पायातली चप्पलही तीच? नजर चांगली आहे तुमची, मिरचीच्या धंद्यात असतात तर नाव काढलं असतं. — बरं, ऐका. रामू आहे तो, आमचा हमाल. गिरणीमागच्या बोळातून फिरून येतो. सायकल चालवता येत नाही त्याला, आमच्या हमालांत कुणालाच येत नाही, पाठीवर पोतं घेऊन वाढलेली माणसं ती. सायकली दादरहून भाड्याने आणल्या, टोप्या मंडळाच्या. सांगून टाकलं. चहा गार होतोय.

खरं सांगू? ही योजना कालपर्यंत झकास होती. गडबड केली कबुतरांनी. मिरचीवर कबुतरं उतरतात ना — खात नाहीत मेली, नुसती पाय देतात. सुभद्रा छत्री घेऊन धावायची, गुडघे दुखायला लागले. तर शेजारच्या नूपुरने तिची जुनी सायकल दिली, म्हणाली, काकू, नुसती घंटी वाजवत ढकला. हिने ढकलली. मग एक पाय ठेवून ढकलली. मग एक दिवस मी गिऱ्हाइकाला हिंग मोजतोय आणि दारासमोरून घंटी वाजली, वर बघतो तर ही बसलेली. पदर खोचलेला. साठीला आलेली बाई, दर्शनाताई. लग्न झाल्यापासून परळच्या बहिणीकडे जायचं तर मला विचारणार, मी म्हणणार रविवारी सोडतो, आणि रविवारी दुकानात माल आलेला. असे किती रविवार गेले. आता ही येते-जाते, मला विचारत नाही. परवा तर चिरोटे घेऊन आली तिथून आणि मलाच म्हणाली, तुम्हाला पण सोडू का कधी?

आणि बायकांना तिनेच सांगितलं, मिरची जरा कडेला घ्या. मग अजून जरा कडेला. सकाळी रस्ता मोकळा झाला तो मंडळाने केला असं मी म्हणालो — तिने केला. टोप्या वाटताना बघितलं मला. सायकल पुसत राहिली. मग म्हणाली, "आपण कधी मिरचीत विटेची पूड घातली?" मी म्हटलं, कधीच नाही, दुकानाची शपथ. म्हणाली, "मग माझ्यात ह्या टोप्या कशाला घालता?"

मी धंदेवाला माणूस, मला नुकसान समजतं. रामू काढला, जुळे काढले, की तुमचा आकडा पडणार, हे मला इथे बसून दिसतंय. खांब जाणार, टेम्पो येणार, आणि टेम्पोच्या मधून ही काही परळला जाणार नाही. मीच जाऊ देणार नाही. परत रविवार. म्हणून तर चहा घेऊन आलो होतो तुमच्याकडे — दोन टिचक्या जास्त मारा म्हणायला. बिस्किटंसुद्धा आणली. ती राहू द्या, ती खरी आहेत.

थांबा. घंटी ऐकली? कबुतरं नाहीत आज, उगाच वाजवते, सवय. ती बघा, नाक्यावरून परळला निघाली. आपल्याकडे बघणार नाही, रागात आहे. — मोजलीत? एकच मोजा. कौतुकाची दुसरी नको. पिवळी टोपी खोडा, लाल खोडा, निळी अजून यायची आहे ती आली तरी धरू नका. रामू, ए रामू, ठेव ती सायकल, भिंतीला लाव. ताई, एवढं करा, तुमचा हिशोब चोख ठेवा. भरला तर भरला. आणि खुर्ची जरा पुढे घ्या उन्हात, इथून परळकडून येणारं दिसत नाही — ती अजून परत यायची आहे.