सगळ्यांच्या दारावरनं गेलेली दौड

पोरांची दौड घ्यायची म्हणताय तर घ्या, पण मला त्यात धरू नका. पारगावकडं मास्तर होतो तेव्हा एक घेतली होती, तेवढी जन्माला पुरली.

सरळ रस्त्यानं दोन किलोमीटर पळायचं, एवढंच ठरलं होतं. पण रोज एकेका वस्तीचा माणूस यायचा. "गुरुजी, आमच्या दारावरनं न्या की राव." कुणाकुणाला नाही म्हणणार? सगळ्या वस्त्या धरता धरता दौड पाच किलोमीटरची झाली.

नव्वद पोरं सोडली आणि मी शाळेपुढं शेवटच्या रेघेवर हार घेऊन उभा राहिलो. तासभर कुणी येईना, म्हणून सायकल काढली. पहिल्याच वस्तीवर एक पोरगं म्हशीला पाणी पाजत होतं. "आईनं हाक मारली, गुरुजी." पुढं दुसरा बापाची भाकरी घेऊन रानात निघालेला. तिसऱ्याला आजीनं जेवायलाच बसवलं होतं. आपलं पोर रिकामं पळताना दारावरनं दिसल्यावर कोण सोडतंय?

दमून परत आलो, तर रेघेवर एकच पोरगी उभी होती. तिचे आईबाप ऊसतोडीला आलेले, ती हंगामापुरती आमच्या शाळेत बसायची.

"तू एकटीच कशी गं पोचलीस?"

ती म्हणाली, "गुरुजी, मला वाटंत कुणी हाकच मारली न्हाई."